रहाटाचं उदाहरण

सातव्या पेपरातही तोच मजकूर आला तेव्हा वसीलाने लाल पेनाला टोपण लावलं आणि पेन बाजूला ठेवून दिलं.

‘माझी मुलगी सहा वर्षांची असताना आम्ही गाव सोडून शहरात राहायला आलो. पहिल्याच सकाळी ती रडू लागली. का रडतेस विचारलं तर म्हणाली, रहाटाचा आवाज येत नाही. वास्तविक आमच्या विहिरीवरचा रहाट तिच्या जन्माआधीच काढून टाकला होता. तो आवाज तिने फक्त आजीच्या गोष्टींत ऐकलेला. म्हणजे जी आठवण तिला स्वतःची वाटत होती, ती दुसऱ्याची होती.’

हा पेपर अय्यूबचा होता. अय्यूबला नुकती कुठे मिसरूड फुटली होती. त्याच्या आधीचा पेपर इख्लासचा, तिला सतरावं सरून दोन महिने झाले होते. त्याही आधी एक फुटबॉल खेळणारा, एक डॉक्टर व्हायला निघालेली आणि दोन जुळे भाऊ. या सगळ्यांना एक मुलगी होती आणि ती एकाच सकाळी, एकाच रहाटासाठी रडली होती. वसीलाने उरलेला गठ्ठा नुसता चाळला. एकतीस जणांपैकी अठ्ठावीस जणांना मुलगी होती.

ती मुलगी म्हणजे वसीला.

तिसऱ्या पेपराला तिला हसू आलं होतं. आता येत नव्हतं. राजधानीतल्या एका प्रकाशनात ती हस्तलिखितं तपासायचं काम करत असे. उचललेला मजकूर तिला वासावरून कळायचा. पण हा मजकूर कुणी चोरला नव्हता. तिच्या बाबांनी तो स्वतः, फळ्यासमोर उभं राहून, स्वल्पविरामांसकट लिहून दिला होता.

बाबा, पोरांचे ‘शेख’ आणि बाकीच्यांचे आदराने ‘सी मक्की’, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेले. दुपारी आडवे झाले ते उठलेच नाहीत. निरनिराळ्या शाळांत तेहतीस वर्षं आणि निवृत्तीनंतर अकरा वर्षं सेतीफ शहरात, घराच्या इमारतीखालच्या गॅरेजात, त्यांनी पोरांना तत्त्वज्ञान शिकवलं. गाडी त्यांच्याकडे कधीच नव्हती. गॅरेजात प्लास्टिकच्या पन्नास खुर्च्या होत्या, एक फळा होता आणि अर्ध्यावर अडकणारं लोखंडी शटर होतं, ज्याखालून सगळे वाकून आत यायचे. वाकून येणारेही सगळ्या तऱ्हांचे: बाकालोरियाला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेला, बसणारी मुलं, त्यांच्या एक वर्ष मागची, तत्त्वज्ञानावरच सगळी मदार असलेली साहित्य शाखेची, तत्त्वज्ञान एकदाचं टळावं अशी दुआ मागणारी विज्ञानाची, दोनदा आपटलेली. शिवाय सी द्राजी, कस्टममधून निवृत्त झालेले, ज्यांना कुठलीच परीक्षा द्यायची नव्हती.

बाबांचा चाळिसावा दिवस झाल्यावर वसीला परत निघाली होती. बॅग भरलेली पाहून यम्मा, तिची आई, म्हणाली, “परीक्षेपर्यंत शिकवतो असा त्यांनी शब्द दिला होता. ते गेले, शब्द कुठे गेलाय?” वसीलाने रजा वाढवली. तत्त्वज्ञानातच तिने पदवी घेतली होती आणि महिन्याभराचा तर प्रश्न होता. मुलांना काय येतं ते पाहावं म्हणून तिने पहिल्याच दिवशी विषय दिला: स्मृती माणसाची स्वतःची, की समाजाने दिलेली? मुलांनी मान वर न करता चार-चार पानं लिहिली होती. किती तयार मुलं आहेत, असं तेव्हा तिला वाटलं होतं.

गठ्ठ्यातला पंचविसावा पेपर बरकाहुमचा होता. बरकाहुम चव्वेचाळीस वर्षांची, जिल्हा रुग्णालयात फरशी पुसायला. बाहेरून बसून तीनदा नापास झालेली. तिला परिचारिकेच्या शिक्षणाला जायचं होतं आणि त्याचं दार बाकालोरियाशिवाय उघडत नव्हतं. नवऱ्याने सांगून ठेवलं होतं, हे शेवटचं वर्ष. यंदा नाही जमलं तर पुस्तकं चुलीत. तिला तीन मुलगे होते. पेपरात मात्र तिलाही मुलगीच होती.

वसीलाला घोर लागला तो याचाच. एका केंद्रातले पेपर एकाच गठ्ठ्यातून परगावी तपासायला जातात. तपासणाऱ्याला पाचव्या, सहाव्या पेपरात तीच मुलगी रडताना दिसली की तो काय समजेल ते उघड होतं. अय्यूब पुढच्या वर्षी पुन्हा बसेल. बरकाहुमला पुढचं वर्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात तिने हे सगळं शांतपणे मांडलं. उदाहरण काढून टाका, म्हणाली, प्रत्येकाने स्वतःचं घाला.

“मॅडम, शेख तर गेले,” अय्यूब मागून म्हणाला. “आता त्यांच्या मुलीलाही काढून टाकायचं?”

कुणीतरी त्याच्या पायावर पाय दिला. तेव्हा कुठे आपण कुणाशी बोलतोय ते त्याच्या डोक्यात शिरलं, आणि त्याचे कान लाल झाले.

“ती मुलगी मी आहे,” वसीला म्हणाली. “आणि मला तुमच्या पेपरात राहायचं नाही.”

यावर एकतीस वह्या उघडल्या गेल्या आणि एकतीस पेनं तयार झाली. मग दुसरं उदाहरण सांगा, लिहून घेतो. तिने सांगितलं की मी लिहून देणार नाही, तुम्ही आठवा. पेनं खाली गेली. इख्लास म्हणाली की तिला आजी आहे, पण आजीला तिचंच नाव आठवत नाही. तेच लिही, वसीला म्हणाली. इख्लासने अविश्वासाने विचारलं, त्यात तत्त्वज्ञान कुठे आहे? जुळ्यांपैकी एकाला जाणून घ्यायचं होतं, दोघांना मिळून एकच आठवण चालेल का. आणि शेवटी, रोज यायचा तो प्रश्न आला: शेख जाताना काही अंदाज सांगून गेले का, यंदा कुठला प्रश्न पडेल?

शेख दुपारी झोपले होते, तिला सांगावंसं वाटलं. त्यांनी स्वतःचाही अंदाज सांगितला नाही. तिने फळा पुसायला घेतला.

आठवड्याने तिने पुन्हा पेपर घेतला. आता पोरांना मुली नव्हत्या. पुतण्या होत्या, भाच्या होत्या, शेजाऱ्यांच्या लेकी होत्या. रहाट जागेवर होता. एकाने फार विचार करून रहाटाच्या जागी कपडे धुवायचं मशीन घातलं होतं. ते मशीनही मुलीच्या जन्माआधीच काढून टाकलेलं.

वसीलाचा खरा राग पोरांवर नव्हता. घरी याच माणसाने तिला लहानपणी एक वाक्य धड पुढे जाऊ दिलं नव्हतं. कशावरून? कोण म्हणतं? तुला काय वाटतं? जेवताना, चालताना, दात घासतानासुद्धा. पाठ केलेलं मत म्हणजे मागून आणलेला कोट, ते म्हणायचे, बाहीतून हात बाहेर येत नाही. आणि खाली गॅरेजात त्यांनी शेकडो पोरांना एकाच मापाचा कोट शिवून दिला होता. आता त्यांना विचारायची सोय नव्हती. ती मनातल्या मनात भांडण सुरू करायची, आणि समोरून कुणी ‘कशावरून?’ विचारत नसल्यामुळे दर वेळी जिंकायची. त्या जिंकण्याने ती रडकुंडीला यायची.

सी द्राजींनी तिला एकदा शटर ओढताना गाठलं. त्यांच्या हातांत कॉफीचे दोन कागदी पेले होते. पोरगी चिडली आहे हे त्यांना कळलं होतं. म्हणाले, पहिली चार वर्षं तुझ्या बाबांनी अक्षर लिहून दिलं नाही. नुसते प्रश्न. पोरं हसायची, रमायची आणि नापास व्हायची. मग त्यांच्या आया या शटरखालून वाकून आत यायच्या आणि इथे रडायच्या. पलीकडच्या गल्लीतला मास्तर निबंध पाठ करून घेतो, त्याची पोरं पास होतात. पाचव्या वर्षी तुझ्या बाबांनी खडू हातात घेतला. त्या दिवशी दोन तास त्यांनी फळ्याकडून तोंड वळवलं नाही.

“पण उदाहरण मात्र स्वतःचं घातलं हो,” द्राजी म्हणाले. “मला म्हणाले, सगळं बाजारचं आहे द्राजी, निदान एक ओळ तरी खरी असू दे.”

“ती खरी नाही,” वसीला म्हणाली.

द्राजींनी पेला ओठांपासून खाली घेतला. पण तिने पुढे काही सांगितलं नाही आणि त्यांनीही कस्टमवाल्यासारखी झडती घेतली नाही.

रहाट होता. ती सहा वर्षांची होईपर्यंत होता. बाबा तेव्हा दक्षिणेत वाळवंटातल्या शाळेवर होते, सुट्टीपुरते घरी यायचे. पहिल्या पगारातून त्यांनी आईसाठी, म्हणजे वसीलाच्या आजीसाठी, विहिरीवर मोटर बसवली होती आणि रहाट उतरवून गोठ्यात ठेवला होता. मोटर दर दोन महिन्यांनी बंद पडायची. आजी मग गोठ्यातून रहाट काढायची, चढवायची आणि पहाटे पाणी ओढायची. त्याची कुरकुर वसीलाला अंथरुणात ऐकू यायची. बाबा यायचे असले की रहाट परत गोठ्यात. “त्याला सांगू नकोस हं,” आजी म्हणायची, “पोटाला चिमटा घेऊन आणलीय त्याने.” वसीलाने सांगितलं नाही. सेतीफला आल्यावर पहिल्या सकाळी रडतानाही तिने फक्त आवाजाचं सांगितलं. बाबांनी तिला जवळ घेतलं. त्यांच्या मनात तेव्हा काय तयार झालं ते तिला आज, अठ्ठावीस पेपरांतून कळत होतं.

तिने यम्माला विचारलं. यम्मा परातीत रवा चाळत होती.

“कसला रहाट? मोटर होती. तुझ्या बाबांनी आणली होती.”

“मोटर बंद पडायची, यम्मा. आजी रहाट लावायची.”

“चांगली मोटर होती,” यम्मा म्हणाली आणि चाळणी जोरात हलवू लागली.

ती विसरली होती, की अजूनही सासूचा शब्द पाळत होती, हे वसीलाला शेवटपर्यंत कळलं नाही. तिच्या बाजूने साक्ष देणारं जगात कुणी उरलं नव्हतं.

परीक्षेला बारा दिवस राहिले तेव्हा तिने बाकीच्यांचा नाद सोडला आणि बरकाहुमला वर स्वयंपाकघरात बोलावलं. बरकाहुम रुग्णालयातली पाळी संपवून आली, हातांना फिनेलचा वास. यम्माने तिच्यापुढे कसरा, म्हणजे रव्याची भाकर, आणि ताक ठेवलं. खाता खाता बरकाहुमने बजावलं की तिच्याकडून काही बदलून घेऊ नये. सव्वीस निबंध तिला तोंडपाठ होते. एकेका वॉर्डाला एकेक निबंध वाटून दिलेला. स्मृतीचा निबंध हाडांच्या वॉर्डातला. मागच्या खेपेला स्वतःच्या मनाने लिहिलं होतं, तर वीसपैकी चार मिळाले.

“मावशी, फक्त एक उदाहरण बदला,” वसीला म्हणाली. “तुमचं स्वतःचं काहीतरी आठवा.”

“मला आठवायला वेळ कुठे असतो, पोरी? आणि हे काय वाईट आहे? मला आवडतं. फरशी पुसताना त्या ओळीला आलं की मी थांबते. बिचारं लेकरू.” मग तिने वसीलाकडे नीट पाहिलं. “खरंच रडली होतीस?”

वसीलाने तोवर ते कुणालाच सांगितलं नव्हतं. तिने मोटर सांगितली, गोठा सांगितला, आजीची पहाट सांगितली. यम्मा तेवढ्यात काहीतरी आणायला गॅलरीत गेली आणि तिथेच राहिली.

बरकाहुमने ताकाचा पेला खाली ठेवला. “म्हणजे मी वर्षभर खोटं घोकलं?”

“खोटं नाही. त्यांना ठाऊक नव्हतं.”

“आणि तू सांगितलं नाहीस.”

“आजीला शब्द दिला होता.”

“आजी जाऊन किती वर्षं झाली?”

“एकोणीस.”

“मग एकोणीस वर्षांत एकदा फोन करून सांगायचं की, बाबा, रहाट होता म्हणून. माणूस जन्मभर फळ्यावर चुकीचं लिहीत राहिला.”

वसीला म्हणाली, ते असं काही लिहितात हे मला माहीत असतं तर सांगितलं असतं. म्हणताना तिचा आवाज जरा चढला. बरकाहुमला त्याचं काही वाटलं नाही. वॉर्डात याहून चढलेले आवाज ती रोज ऐकत असे. ती भाकरीचा तुकडा हातात धरून विचार करत होती.

“पण तुला ऐकू आलेला, हे तरी कशावरून? आजीने सांगितलं असेल आणि तुला वाटत असेल ऐकला. शेख तेच तर म्हणतात.”

दोन महिन्यांत ‘कशावरून’ हा शब्द या घरात कुणी उच्चारला नव्हता. वसीला भरभर बोलायला लागली. रहाटाची खीळ सैल होती, दोर अर्ध्यावर आला की आवाज बदलायचा, हे आजी गोष्टीत कशाला सांगेल? बरकाहुम म्हणाली, का नाही सांगणार, माझी सासू याहून फालतू सांगते. दोघी हमरीतुमरीवर आल्या, तासभर भांडल्या. तासाच्या शेवटी वसीलाने टेबलावर हात आपटला आणि म्हणाली, हेच लिहा. निबंधाला पूर्वपक्ष लागतो, उत्तरपक्ष लागतो आणि शेवटी निष्कर्ष. माझ्या ओळखीचा एक माणूस असं म्हणायचा, हा पूर्वपक्ष. त्याची मुलगी म्हणते तसं नव्हतं, हा उत्तरपक्ष. कुणाचं धरायचं आणि का, हा निष्कर्ष. हे कुणाच्याच पेपरात नसेल.

बरकाहुमने ते लिहिलं. बारा दिवसांत चार वेळा लिहिलं, दर वेळी थोडं निराळं. चौथ्या खेपेचा निबंध वसीलाने दोनदा वाचला आणि त्यावर लाल पेन टेकवलं नाही.

जूनमधल्या त्या सकाळी ती परीक्षा केंद्राबाहेर तुतीच्या सावलीत उभी राहिली. पोरं बाहेर आली ती नाचतच. स्मृती पडली होती. अय्यूबने लांबूनच दोन्ही हात वर केले. त्याने काय लिहिलं हे विचारावं लागलं नाही. शेखनी दिलेलं, तो म्हणाला, अक्षरन् अक्षर, सॉरी मॅडम. बाकीच्यांनीही तेच केलं होतं. फक्त इख्लासने आजीचं लिहिलं होतं, पण नक्की कळेना म्हणून शेवटी रहाटही घातला होता.

बरकाहुम सगळ्यांत शेवटी आली. ओढणी एका बाजूला सरकलेली.

“काय झालं?”

“मुलगी आली,” बरकाहुम म्हणाली.

“मी आपलंच लिहायला बसले होते. देवाशपथ. पण पहिली ओळ लिहिली आणि हात पुढे पळाला. वर्षभराची सवय त्याला. माझी मुलगी सहा वर्षांची असताना, म्हणून जो सुटला तो खाली येऊन थांबला. मग मी वाचलं. खोडलं असतं तर पान घाण झालं असतं. म्हणून त्याच्याखाली लिहिलं, ही माझी मुलगी नाही. मला तीन मुलगे आहेत. ही ज्याची मुलगी आहे तो माणूस आता नाही. मी तिला भेटले आहे, आणि ती म्हणते, असं झालं नव्हतं.”

“आणि पुढे?”

“पुढे भांडले की. तुझ्या बाजूने दोन पानं, शेखच्या बाजूने एक.”

“निष्कर्ष?”

“वेळ संपली.”

निष्कर्षाचे गुण वेगळे असतात, हे वसीलाने बारा दिवसांत बारा वेळा सांगितलं होतं. तिला ओरडायचं होतं. भर उन्हात, तुतीखाली, आपल्याहून आठ वर्षांनी मोठ्या बाईवर. तिने पाण्याची बाटली पुढे केली. बरकाहुमने अर्धी बाटली एका दमात संपवली आणि दुपारच्या पाळीची बस पकडायला धावली.

निकाल जुलैत लागला. कुणाचाही पेपर अडवला गेला नाही, कुणाला शून्य मिळालं नाही. अय्यूबला तत्त्वज्ञानात वीसपैकी पंधरा. जुळ्यांना चौदा आणि चौदा. अठ्ठावीस मुली परगावच्या कुणा तपासणाऱ्यापुढून रडत गेल्या आणि त्याने मान वर केली नाही, किंवा त्यालाही तशाच मुलींची सवय होती. वसीलाने महिनाभर केलेल्या आटापिट्याचा एवढाच अर्थ होता. तिने सी द्राजींना फोनवर तसं सांगितलं. ते म्हणाले, तुझ्या बाबांनाही दर जुलैत असंच व्हायचं, आठवडाभर कुणाशी बोलायचे नाहीत.

बरकाहुमला तत्त्वज्ञानात आठ मिळाले. इतिहास आणि शरीयतीच्या गुणांनी तिला वर ओढलं. सरासरी दहा पूर्णांक सहा शतांश. दहाला पास. तिने स्वतः फोन करून सांगितलं. मागे बायकांचे आनंदाचे चीत्कार चालले होते आणि नवरा कुणाला तरी मोठ्याने सांगत होता की मी आधीपासून म्हणत होतो.

वसीलाने मनापासून अभिनंदन केलं. मग राहवेना म्हणून म्हणाली, शेखचंच लिहून थांबला असता, मावशी, तर चौदा मिळाले असते.

“ठाऊक आहे,” बरकाहुम म्हणाली. “शनिवारी येऊ का?”

“कशाला? झालात ना पास.”

“निष्कर्ष राहिलाय आपला.”

वसीलाने सांगितलं की ती शुक्रवारी राजधानीला परत जाते आहे, तिकीट काढून झालं आहे आणि गॅरेजातल्या खुर्च्याही उद्या एक जण न्यायला येणार आहे.

“मग गुरुवारी येते. सकाळी मोकळी आहे मी.”

वसीलाने नऊची वेळ दिली.